कल्याणप्पानं पाणी तोडलं

धाराशिवच्या त्या बागंला मोठी पाटी हाय. पाटीवर लई नावं हायत, माळ्याचं तेवढं न्हाय. म्हणून हे सांगायचं.

माळी कल्याणप्पा. पावसाळ्यात तेरडा, थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा, ज्याचे त्याचे दिवस त्याला तोंडपाठ. अडलं ते फक्त बोगनवेलीपाशी. कुंपणाला सात वेली, टाकीमागं आठवी. मागल्या साली नुसता पाला, फूल नावाला न्हाय.

यंदा संक्रांत झाली आन् त्यानं वेलींचं पाणीच तोडलं. अणदूरला वीस वर्षं त्यानं लोकांच्या लिंबाच्या बागा सांभाळलेल्या. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यायचा, पानं गळूस्तोवर पाणी बंद. लिंबाला चालतं तर वेलीला का न्हाय?

पंधरा दिवसांत पानं करपली. सकाळी फिरायला येणारे कुरकुरले. मुकादम सिद्धेश्वर आला तो तणतणतच.

"काय ओ अप्पा, झाडं मारायला ठिवलंय का तुम्हाला?"

"मारीत न्हाय. उपाशी ठिवलंय."

"होळीपर्यंत रंग दिसला न्हाय तर दुसरा माळी बघतो. मग घरी बसा उपाशी."

"बसतो की. तवर पाइपाला कुणी हात लावू नका."

बायको श्रीदेवी दुपारी डबा घिऊन यायची. ती म्हणाली, "आवो, हट्ट सोडा. ह्या वयात कोण ठिवील तुम्हाला?"

"ताण तुटला की बहार गेला," एवढंच बोलून तो भाकरी मोडत बसला.

भ्या त्याला बी वाटत हुतं. रोज सकाळी नखानं साल खरवडायचा, आत हिरवं दिसलं की मग चहा प्यायचा. टाकीमागची आठवी मातुर टवटवीत. टाकी पाझरत आसंल, म्हणून त्यानं तिचा नाद सोडला. शिवरात्रीला ताण पुरा झाला, तवा सगळ्यांना हलकं पाणी दिलं आन् गप बसला.

होळीच्या आदल्या सकाळी फाटक उघडलं आन् कल्याणप्पा जागीच थांबला. पान दिसंना, काटा दिसंना, कुंपण तर कुठं गेलं काय की! ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत नुसता राणी रंग, ऊन पडंल तसा पेटत चाललेला. उभी हयात मातीत घातलेला माणूस, त्यानं चपला काढल्या. फिरणारे फिरायचे थांबले. सिद्धेश्वरनं फोटोसाठी मोबाईल वर केला, तो तसाच खाली घेतला.

मग सिद्धेश्वरला टाकीमागं आठवी दिसली. हिरवीगार, फूल एक न्हाय.

"अप्पा, ही का रुसली?"

"हिला पाणी कुणी दिलं?" कल्याणप्पानं इचारलं.

दुपारी डबा ठिवता ठिवता श्रीदेवीच बोलली. "म्या. डबा धुताना रोज दोन तांबे. आठातली एक तरी हिरवी ऱ्हायली तर तुमचं काम ऱ्हाईल, म्हणलं."

कल्याणप्पा तिच्याकडं बघत ऱ्हायला. ती त्या सात वेलींकडं बघत हुती, डोळ्याचं पातं न लववता.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "म्या बी दोनदा बादली भरली हुती."

"मग?"

"हितवर आणली. आन् मोगऱ्याला घातली."