बंद मशीनचा आवाज

दादा, माझा थोरला भाऊ, शिलाई मशीनं दुरुस्त करतो. मशीनला उजवा कान लावायचा आणि आवाजावरून दुखणं ओळखायचं, ही त्याची रीत. गेलं वर्षभर त्याला प्रत्येक मशीनमध्ये बारीक शिट्टी ऐकू यायची. धडधाकट मशीनंही तो खोलून बसायचा. गिऱ्हाइकं वैतागली. मीही खेकसलो, "अरे, चांगल्याचं वाटोळं का करतोस?"

शेवटी डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, "कानाच्या नसेवर आवरण असतं. त्यातल्या पेशी नको तितक्या वाढल्या आणि त्यांची गाठ झाली. कॅन्सर नाही. ती कुठे पसरणार नाही, पण जागच्या जागी नस दाबतेय."

"सुटलो बाई!" वहिनीने हात जोडले.

"कशाने झाली?" दादाने विचारलं.

"बहुतेकदा कारण सापडतच नाही."

"काढली की शिट्टी थांबेल?"

"खात्री देता येत नाही."

घरी सगळे आनंदात होते. मी दादाला जेवायला बोलवायला दुकानात गेलो. त्याने मशीनचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"बघ ना," तो म्हणाला, "तरी वाजतंय."