हिमानीचं नाक

गिरधर पाटलांच्या हिमानीला लहानपणापासून एक खोड होती. समोर काहीही आलं की आधी ते नाकाशी न्यायचं. वरण असो, शाळेचं कोरं पुस्तक असो, नाहीतर पाहुण्यांनी आणलेला पेढा असो. आई, म्हणजे शारदाबाई, चारचौघांत डोळे वटारायच्या, पण पोरीने ऐकलं तर शपथ. पुढे याच खोडीवर ती पोट भरू लागली. ते नेमकं कसं, हे मात्र बुऱ्हाणपुरात कुणाला धडपणे सांगता येत नव्हतं.

ती पुण्याजवळच्या एका बीअरच्या कारखान्यात चव पाहायच्या कामाला होती. शारदाबाई शेजारणींना "फूड कंपनीत आहे" एवढं सांगून विषय वांग्याच्या भरतावर नेत. गिरधरराव तेवढंही सांगत नसत. गावातच लालबागच्या रस्त्याला त्यांची केळी पिकवायची वखार होती; खाली वखार, वर राहतं घर. हिरव्या केळ्याचं पिवळं करण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. लेकीने शिक्षण घेतलं, नोकरी धरली, पैसे घरी पाठवले, यातल्या कशालाच ते नाही म्हणाले नाहीत. फक्त कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. हिमानीला ते फार लागायचं, पण सांगणार कुणाला?

लोकांना वाटतं, बीअरची चव पाहायची म्हणजे मजाच मजा. अहो, कसली मजा घेऊन बसलात. सकाळपासून मसाल्याचा चहा नाही, केसांना तेल नाही, अंगाला अत्तर नाही. पेल्यात बोटभर ओतायचं, उजेडात धरून रंग पाहायचा, पेला फिरवून कुत्र्यासारखं हुंगायचं, घोट जिभेवर घोळवून थुंकून टाकायचा आणि मग त्यात काय काय आहे ते नावानिशी सांगायचं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा शिरली. लोण्याचा आला तर घाई झाली. एका पेल्याचा वास नाकात बसून राहू नये म्हणून दोन पेल्यांच्या मध्ये कोपराच्या आतल्या बाजूला नाक टेकवायचं आणि आपल्याच कातडीचा वास घ्यायचा. त्याने नाक पुन्हा कोरं होतं. ही युक्ती हिमानीला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती, आणि तिने ती देवपूजेसारखी पाळली होती.

यंदा कारखान्याने पहिल्यांदाच कडक एल केली होती. एल ही बीअरच्याच घराण्यातली, पण अंगाने जड, काळपट, काकवीसारखी. ती वर्षभर जुन्या व्हिस्कीच्या लाकडी पिंपांत मुरवली होती. पिंपं तीन होती आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी झाली होती. कुठलं बाटल्यांत भरायचं आणि कुठलं गटारात सोडायचं, याचा शेवटचा शब्द मुख्य कारागीर नंदकुमार सरांनी हिमानीवर सोपवला होता. आजवर ती पाचसहा जणांतली एक होती. आता तिच्या एकटीच्या नाकावर माल बाहेर जाणार होता. चुकीचं पिंप गेलं असतं तर कारखान्याचं हसं झालं असतं, आणि तिला पुन्हा कुणी काही विचारलं नसतं.

तिला तिसरं पिंप सगळ्यांत आवडलं होतं. पण तिच्याबरोबर चव पाहणारा अक्षय म्हणाला की, त्याला केळ्याचा वास येतो. गव्हाच्या बीअरमध्ये तो वास शोभतो. या एलमध्ये तो येणं म्हणजे यीस्ट उन्हाने तापून बेताल झालं, माल फसला. अक्षयच्या बोलण्यावर सगळे हसले. बुऱ्हाणपूरच्या मुलीला केळं शिकवतोस का रे, असं कुणीतरी म्हणालं. हिमानीही हसली. ती नवीन असताना, वास ओळखायच्या परीक्षेत केळ्याची बाटली आली तेव्हाही असंच झालं होतं. हिला काय विचारायचं, असं म्हणून ती बाटली पुढच्याच्या हातात गेली होती.

नंदकुमार सर मात्र हसले नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी जातेयस तर तिन्हींच्या दोन-दोन बाटल्या बरोबर ने, निवांत पुन्हा चव बघ आणि सणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत फोन कर, असं त्यांनी सांगितलं.

निवांत! आखाजीच्या घरात निवांतपणा मिळतो का कधी? शारदाबाईंचा सांजोऱ्यांचा घाट चालू होता, मागच्या गल्लीत पॉवरलूमची खटखट दिवसभर डोक्यात हातोडे मारत होती, आणि त्यात बाहेर ऊन असं की बाटली टेबलावर ठेवली तर तासाभरात तिचा काढा व्हावा. बाटल्या ठेवायच्या कुठे, या विवंचनेत हिमानी जिन्यात उभी असताना गिरधररावांनी पाहिलं. बाटल्यांत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. "चेंबरमधी ठेव," एवढंच म्हणाले, "तिथं सतरा डिग्रीवर ऱ्हाते." केळी पिकायला लागते तेवढीच थंडी या एललाही लागते. हे बाबांना सांगावंसं तिला फार वाटलं, पण ते तोवर ट्रकवाल्याशी बोलायला निघून गेले होते.

आखाजीच्या आदल्या सकाळी तिने माडीवरच्या खोलीचं दार लावून घेतलं. पहिल्या पिंपात खारीक होती, लाकूड होतं, घशाखाली हलकी ऊब होती. दुसऱ्यात आंबटपणा शिरला होता. ते गेल्यात जमा. तिसरं नाकाशी नेलं आणि तिचे खांदे खाली आले. काही टोचत नव्हतं, काही ओरडत नव्हतं, सगळं आपापल्या जागी होतं. केळ्याचा मागमूस नव्हता. तिने कोपरात नाक खुपसलं, पुन्हा हुंगलं. नाहीच.

मग झालं तर. फोन करायचा आणि मोकळं व्हायचं. पण फोन हातात घेतला की अक्षयचा चेहरा समोर यायचा. तो चेष्टा करणाऱ्यातला नव्हता. उगाच खोड काढणाऱ्यातलाही नव्हता. हिमानीने फोन ठेवला, खाली गेली, आईच्या हातची सांजोरी अर्धी खाऊन ठेवली, वर आली, पेले धुतले, पुन्हा खाली गेली. दुपारपर्यंत हेच. शेवटी शारदाबाई वैतागल्या. "एका जागी बस ना वं," त्या म्हणाल्या, "पायाले भिंगरी लागली का?"

दुपार कलल्यावर तृप्तीवहिनी आली. हिमानीचा भाऊ मोहित याची ही बायको, वर्ध्याची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली. स्वतःच्या भावाच्या लग्नासाठी ती महिनाभर माहेरी होती. मोहित खाली रिक्षातून बॅगा उतरवत होता आणि तृप्ती जिना चढत होती. मध्यावर आली आणि तिने पटकन ओढणी नाकाला लावली.

हिमानी वरून बघत होती. तिने विचारलं, बरं नाही का वाटत. तृप्ती ओशाळली. "काही नाही ताई," ती म्हणाली, "माहेरून आली का मले असंच होते. वास भरते ना नाकात. अर्ध्या तासानं जाते आपोआप."

"कसला वास?"

"केळाचा. अजून कसला?" तृप्तीला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही पुण्याहून येता तवा नाही होत का असं?"

हिमानी तशीच कठड्याला धरून उभी राहिली. ती पुण्याहून वर्षातून चारपाचदा यायची. याच जिन्याने वर यायची. आईच्या फोडणीचा वास यायचा, भिजलेल्या पोत्यांचा यायचा, डिझेलचा यायचा. केळ्याचा? तिने आठवून पाहिलं, आणि तिला एकही वेळ आठवली नाही.

तिने वहिनीचा हात धरला आणि तिला थेट खोलीत नेलं. शारदाबाई खालून म्हणत होत्या की, पोरीला पाणी तरी पिऊ दे, पण अर्धा तास पळत होता आणि हिमानीला पाण्याची वाट बघायला वेळ नव्हता. तिने तीन पेले भरले. तृप्ती बिचकली, सासरा खाली, आणि नणंद पेले पुढे करतेय. प्यायचं नाही, नुसता वास घ्यायचा, असं हिमानीने तिला समजावलं. तृप्तीने पहिला हुंगला आणि जुन्या कपाटासारखा वास आहे म्हणाली. दुसऱ्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीचा म्हणाली. तिसरा नाकाशी नेला आणि ती चक्क हसली.

"याच्यात तर आपलं घरच आहे," ती म्हणाली.

हिमानीने मुळीच मान्य केलं नाही. बाटल्या चेंबरमध्ये होत्या, वास वरून लागला असेल. तिने पेले साबणाने घासले, नव्या सीलबंद बाटल्या फडक्याने पुसून उघडल्या, वहिनीला पाठ करायला लावून पेल्यांच्या जागा बदलल्या. तृप्तीने पुन्हा तोच पेला उचलला. आणि चेंबरचं निमित्त तरी किती ताणायचं? अक्षयने पुण्यातच सांगितलं होतं. तिथे कुठे होतं चेंबर?

सवयीने तिचं नाक कोपराकडे गेलं आणि वाटेतच थांबलं. ज्या कातडीवर ती नाक कोरं करत होती, ती कातडी या घरात वाढली होती. पाळण्यात असल्यापासून जो वास श्वासाबरोबर आत गेला, तो तिच्या लेखी वास नव्हताच. ती नुसती हवा होती. सगळं जग ज्याला केळं म्हणतं, तिथे हिमानीचं नाक आंधळं होतं. आणि याच नाकाच्या भरवशावर ती अक्षयला हसली होती. तिला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. नाक गेलं तर तिच्याजवळ उरत काय होतं?

आता फोन करायलाच हवा होता. आणि इथे माणूस जसा असतो तशी तीही होती, तेव्हा तिच्या मनात नको ते आलंच. तिसरं पिंप नको, एवढंच सांगावं. अक्षयचं बरोबर होतं म्हणावं; मोठेपणाही मिळेल आणि नाकाचं कुणाला कळणारही नाही. ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. तृप्ती पलंगाच्या कडेला बसून नुसती बघत होती. पण पुढच्या वर्षी पुन्हा पिंपं भरली जातील, तेव्हा कुठली वहिनी वर्ध्याहून येणार होती? हिमानीने नंबर लावला.

"सर, तिसरं पिंप भरायचं नाही," ती म्हणाली. "आणि केळ्याच्या बाबतीत माझं नाक प्रमाण धरू नका. मला तो वास येतच नाही. कधीच येत नव्हता."

नंदकुमार सरांनी शांतपणे सांगितलं की, परत आल्यावर सगळ्या वासांची परीक्षा पहिल्यापासून घेऊ, आणि तोवर शेवटचा शब्द अक्षयचा राहील. रागावले असते तर बरं वाटलं असतं. हिमानी हो म्हणाली, फोन ठेवला आणि पलंगावर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच ती एका जागी बसली होती, म्हणून शारदाबाई खालून वर येऊन बघून गेल्या.

चहाच्या वेळी गिरधरराव वर आले. दार उघडं, टेबलावर तीन पेले, सून उठून उभी राहिलेली आणि लेकीचे डोळे लाल. ते उंबऱ्यातच थांबले. मग त्यांनी जे उभ्या आयुष्यात विचारलं नव्हतं ते विचारलं. "काय झालं वं बेटा कामावर?"

हिमानीने सांगितलं. पिंपं, अक्षय, केळं, फोन, सगळं. सांगून झाल्यावर ते टेबलाशी आले आणि त्यांनी तिसरा पेला उचलला. ज्यांनी आयुष्यात या वस्तूला शिवलं नव्हतं, त्यांनी तो केळ्याचा घड धरावा तसा नाकाला लावला आणि डोळे मिटून वास घेतला. मग दुसरा पेला. मग पहिला. मग पुन्हा तिसरा.

"कुठंय?" ते म्हणाले. "याच्यात तं काहीच नाही."

"मलाही काहीच येत नाही, बाबा."

असे थोडेथोडे श्वास घ्या, म्हणून तिने त्यांना दाखवलं. त्यांनी तिच्यासारखं करून पाहिलं. काही नाही. पेला ठेवून ते खुर्ची ओढून लेकीच्या शेजारी बसले. खाली ट्रकवाला हाका मारत होता, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मान वळवून ते सुनेकडे बघू लागले. "तुले येते?" तृप्तीने मान डोलावली. "कसा ऱ्हाते वं तो? सांग जरा."

सासऱ्यांनी तिला आजवर चहा आण, दिवा लाव, यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. तृप्ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "लग्न होऊन आली ना मामाजी, त्या दिवशी वाटलं का कोणीतरी शिकरण करून झाकून ठेवलं, अन् जेवाले बोलवाचं विसरून गेलं," ती म्हणाली. "गोड ऱ्हाते. जिन्यात जास्त येते. उशीले येते. तुमच्या शर्टाले तर लईच येते."

गिरधररावांनी आपल्या शर्टाची बाही उचलून हुंगली. हिमानीनेही वाकून त्याच बाहीला नाक लावलं. दोघांनाही नुसतं कापड लागलं.

तृप्तीने एक लांब श्वास घेतला आणि जरा थांबली. "आता जाऊन राहिला, मामाजी," ती म्हणाली. "थोडासाच उरला."

"मग लवकर सांग," गिरधरराव म्हणाले, आणि बापलेक दोघंही तिच्याकडे सरकून बसले.