तीन ईसा नि सात

शंभरपर्यंत मोजता न येणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिलेली नाही. तरी अशा बायकांसाठी सतराव्या वर्षी मी एक पत्रक लिहिलं होतं.

आमच्या गोखिवऱ्याच्या घरात पत्रकांना तोटा नव्हता. बाबा वालीवच्या कारखान्यांच्या फाटकांवर युनियनची पत्रकं वाटायचे, उरलेल्यांवर मी वाचायला शिकले. त्यामुळे आत्याच्या गावी, राजोडीत, बायकांसाठी साक्षरता वर्ग सुरू केला तेव्हा आधी पत्रकच काढलं: ‘आकडा येत नाही तोवर हक्क येत नाही!’ वर्गात पहिल्या ओळीत आत्या येऊन बसली. बाबांची थोरली बहीण, केळीची वाडी एकटीने सांभाळणारी.

तिचं मोजणं मी लहानपणापासून ऐकलं होतं. ओट्यावर पाय पसरून ती केळीची पानं मोजायची. वीस झाली की ‘ईऽऽस’ असा लांब सूर काढायची, टाच ओट्यावर आपटायची आणि एक चिंचोका बाजूला ठेवायची. मग पुन्हा एकपासून. पाच चिंचोके झाले की शंभर. मी एकदा विचारलं होतं, “दहावर का नाही थांबत गं?”

“दहा बोटं हाताची. मग पाय काय दुसऱ्या कोनाचे?”

वर्गात मी पानांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तिने मोजला आणि म्हणाली, “तीन ईसा नि सात.”

“असं नाही म्हणायचं, आत्ये. सदुसष्ट म्हण.”

“पन पानं तेवढीच ना?”

बायका हसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “मास्तरीनबाय रागावली बघा!” मी खरंच रागावले होते. फळ्यावर आकडा लिहिला आणि तिच्याकडून दहा वेळा म्हणून घेतला. दहाव्या वेळी ती हसत नव्हती.

दोन वर्षांनी कॉलेजात संगणकाच्या तासाला संख्यापद्धती आणि त्यांचे पाये शिकवले. दहाचा गठ्ठा बांधायचा हा काही कायदा नाही, ती आपली सवय आहे. संगणक दोनाचे गठ्ठे बांधतो, काही कामांसाठी सोळाचे बांधतात. गठ्ठा बदलला की आकडा वेगळा लिहावा लागतो, वस्तू मात्र तेवढ्याच राहतात. मग सरांनी वीसचा पाया घेतला. मी वहीच्या कोपऱ्यात सदुसष्ट मांडून पाहिलं. विसाचे गठ्ठे तीन, सुटे सात. सरांना जे सांगायला अख्खा तास लागला, ते आत्याने माझ्या वर्गात एका वाक्यात विचारलं होतं. आणि मी तिला गप्प केलं होतं.

त्याच रविवारी राजोडीला गेले. वाडीतून पानं कापून आणली. “आत्ये, मोज ना.”

ती मोजू लागली. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. टाच हलली नाही. “चौऱ्याहत्तर,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. “बरोबर ना गं?”

“बरोबर. पण ईसाने मोज ना, पूर्वीसारखं.”

“ते आता जिभेवर नाय येत. आन तुझ्यासमोर तर नायच.”

रागाने नव्हती बोलली. म्हणून जास्त लागलं.

वीसचा पाया कुठल्याही पुस्तकात सापडेल. मला तो लांब सूर हवा आहे, आणि मग टाचेचा आवाज. वर्गाच्या हजेरीवहीत मी सगळ्यांच्या चुका टिपल्या होत्या, तो सूर टिपला नाही. अजून रविवारी जाते. ओट्यावर पाच चिंचोके ठेवते आणि वाडीत निघून जाते, माझ्या पाठीमागे तरी ती मोजेल म्हणून. केळींमागे उभी राहून कान देते. परत येते तेव्हा चिंचोके तिथेच असतात.

तुम्ही एवढं करा. या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे मूठभर चिंचोके ठेवा आणि मोठ्याने मोजायला सांगा. मोजून होईपर्यंत एक अक्षरही दुरुस्त करू नका.