वास्कितोचं टाकून दिलेलं मूल

वास्कितोला मी चौथीत शिकवलं. वहीचं एक पान तो कुणाला फाडू द्यायचा नाही. चुकलेलं गणितसुद्धा जपून ठेवायचा. मोठा होऊन कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला लागला, तरी खोड गेली नाही. जावा बेटावरच्या मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर आमचं गाव; तिथे बसून तो शहरातल्या लोकांच्या लग्नाच्या ऑनलाइन पत्रिका बनवतो. पत्रिका चार ओळींची, पण ती बनवताना हजारो फायलींचा पसारा लॅपटॉपवर उतरतो. लग्नं लागली, त्या जोडप्यांची पोरं शाळेत जायला लागली, तरी तो पसारा याच्याकडे नांदतोच आहे.

पत्रिका पोटासाठी. जीव ओतून केलं ते काम वेगळं. डोंगर धुमसायला लागला आणि भोंगा झाला, की कुठल्या ट्रकने कुठल्या दारात थांबायचं, कुणाला उचलून आणायचं, कुणाला भोंगाच ऐकू येत नाही, हे सगळं एका बटणावर सांगणारा प्रोग्रॅम. त्यासाठी तो सात महिने घरोघर हिंडला. एकशे बारा घरं. म्हाताऱ्यांनी अट घातली, की आमची दुखणी इंटरनेटवर चढवायची नाहीत. त्याने शब्द दिला आणि पाळला. सगळं त्या एका लॅपटॉपमध्ये राहिलं.

काम सुरू केलं तो दिवस मंगळवार होता, आणि सात दिवसांच्या जोडीने चालणाऱ्या आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वागे. वास्कितोचा जन्मही मंगळवार-वागेचाच. त्याच्या आईला, पोनिराला, हे कळलं आणि ती हबकली. आमच्याकडे बापाच्याच जन्मवारी जन्मलेलं मूल टाकून द्यावं लागतं आणि दुसऱ्या कुणी उचलावं लागतं, नाहीतर दोघांपैकी एकाला ते बाधतं. हा नुसता प्रोग्रॅम आहे, असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं.

"उठता बसता त्याचंच करतोस ना? मग मूलच ते," पोनिरा म्हणाली.

शेवटी त्याने प्रोग्रॅमची नक्कल एका पेनड्राइव्हवर काढली, तो सुपलीत ठेवला आणि सुपली उकिरड्यापाशी. शेजारच्या सार्जियेममावशीने रीतीप्रमाणे ती उचलली आणि कुणाचं बाई हे पोर, मी नेते, असं म्हणत घरी नेली. मी पोट धरून हसलो. पोनिरा एवढ्यावर थांबली नाही. दर पस्तीस दिवसांनी मंगळवार-वागे फिरून आला, की ती जन्मवाराची तांबडी आणि पांढरी खीर करायची आणि वास्कितोने मावशीच्या घरी जाऊन खिरीबरोबर त्या पेनड्राइव्हवर नवी नक्कल भरून द्यायची. पोर वाढतं, मग त्याचे कपडे बदलायला नकोत का, असा तिचा सवाल. त्यालाही मी हसलो.

रविवारी गाव रिकामं करण्याची रंगीत तालीम ठरली होती. शुक्रवारी सकाळी ट्रकांची यादी द्यायला मी त्याच्याकडे गेलो, तर हा डोकं धरून बसलेला. डिस्क गच्च भरली होती आणि जागा नाही म्हणून नवा प्रोग्रॅम तयारच होत नव्हता. पुसायचं म्हटलं की हा माउसवरचा हात काढून घेतो. माझा पारा चढला. शेजारी ठाण मांडून मी एकेक लग्न निकालात काढायला लावलं. अर्धी डिस्क मोकळी झाली, पण मला चेव आला होता. आपल्या प्रोग्रॅमच्याच पाच प्रती दिसल्या: जुना, नवा, शेवटचा, खरंच शेवटचा आणि सहज. मी म्हटलं, खरंच शेवटचा ठेव, बाकीचे पूस, कचरापेटीही रिकामी कर. तो पुटपुटला, एकदा उघडून बघू का? बघत बसलास तर रविवार उजाडेल, मी म्हणालो. आमच्याकडे गुरुजींना कुणी नाही म्हणत नाही. तो "बरं, गुरुजी" म्हणाला आणि त्याने पुसलं.

प्रोग्रॅम तयार झाला. उघडला तर त्यात सत्तेचाळीस घरं. बाकीचं सगळं काम त्याने 'सहज'मध्ये केलेलं होतं. सात महिन्यांची त्याची पायपीट मी अर्ध्या तासात घालवली होती.

पोनिरा चहा घेऊन आली. तिला सांगितलं, तर ती बोटांवर दिवस मोजायला लागली. "मंगळवार-वागे होऊन दहाच दिवस झालेत," ती म्हणाली. "जा, पोराच्या आईकडे जा."

सार्जियेममावशी ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिचे गुडघे कधीच गेलेत. पेनड्राइव्ह तिच्या पानाच्या डब्यात होता, फडक्यात गुंडाळलेला. तिने डबा उघडला, पण दिला नाही.

"खिरीची वाटी ठेवून पळायचास. एकदा तरी पोराला बघायला बसलास?"

"चुकलो, मावशी. माझं काम गेलं हो. द्या ना."

"तुझं कुठलं? टाकलंस तू, उचललं मी. ने आता, पण दिवेलागणीच्या आत घरी आणून सोड. आणि तुझ्या त्या यादीत माझ्या घरी एकच माणूस लिहिलंयस, ते नीट कर."

त्याने हात जोडले. पेनड्राइव्हवर एकशे आठ घरं निघाली, आणि दिवेलागणीच्या आत त्याने पोर मावशीच्या डब्यात परत नेऊन ठेवलं. उरलेल्या चार घरी शनिवारी तो परत गेला आणि मीही गेलो, त्याची वही धरून.

रविवारी भोंगा झाला. पहिला ट्रक सार्जियेममावशीच्या दारात थांबला. ड्रायव्हरने लॅपटॉपवरून तारेने मोबाइलमध्ये भरून घेतलेली यादी पाहिली आणि तो खाली उतरला.

"इथे दोन माणसं दाखवतायत. तुम्ही तर एकट्याच राहता ना?"

मावशीने मांडीवरच्या डब्यावर हात ठेवला. "हा काय, दुसरा."

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी हसलो नाही. वास्कितो पुढे झाला, वाकला आणि त्याने मायलेकरांना उचलून ट्रकमध्ये बसवलं.