पडद्यावरचा श्वास

चित्रपट विसरला जातो; त्यावरून झालेले भांडण मात्र राहते. आमच्या रविवारच्या बैठकीत आजवर किती चित्रपटांचा निकाल लागला, हे मला सांगता यायचे नाही. नायक-नायिकांची नावे तर मी घरी पोहोचण्याआधीच विसरतो. पण कोण कशावरून कोणावर ओरडले, ते सारे जिन्याखालच्या सामानासारखे साठून राहिले आहे. एक काढायला जावे, तर त्याला अडकून दुसरे बाहेर येते!

बैठक भरते खोताच्या वाडीत, डॉमनिकच्या लाकडी व्हरांड्यात. माणसे चारच. यजमान डॉमनिक माझा शाळासोबती, तरी मला ‘मास्तर’ म्हणतो. दादरच्या सुलभाताई बँकेतून निवृत्त झालेल्या. दळवींचे लालबागला मसाल्याचे दुकान. आणि चौथा मी, आयुष्यभर मराठी शिकवलेला.

चित्रपट एकत्र पाहायचा, पण बाहेर पडल्यावर अवाक्षर काढायचे नाही. बोलायचे ते रविवारी. ‘आवडला’, ‘ठीक होता’ असली मोघम विधाने चालत नाहीत, पुरावा द्यावा लागतो. आणि ओळख, भीड, नाते ही सारी चपलांबरोबर पायरीवर काढून ठेवायची. हा शेवटचा नियम दळवींनी घातलेला आहे, हे ध्यानात असू द्यावे.

*

सुलभाताईंचा पुरावा म्हणजे कप. पडद्यावरच्या कपात चहा आहे की नाही, यावरून त्या नटाची योग्यता ठरवतात. “रिकामा! बघा कसा हलवतोय, खुळखुळ्यासारखा!” असे त्या अंधारात पुटपुटत असतात.

एकदा दादरला एका लग्नात, चित्रपटांतून सोशिक वडिलांची कामे करणारे एक गृहस्थ भेटले. लोक त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होते. सुलभाताई काठोकाठ भरलेला कप घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

“घ्या. मागच्या चित्रपटात तुम्ही सारखा चहा पीत होतात, पण कपात थेंब नव्हता. मला फार वाईट वाटलं.”

गृहस्थ मोठ्याने हसले. कप घेतला, कोणाच्या तरी मोबाइलकडे तोंड करून सराईतपणे हात उंचावला, आणि सगळा चहा स्वतःच्या रेशमी झब्ब्यावर ओतून घेतला!

सुलभाताई शांतपणे आमच्याकडे वळल्या. “बघितलंत? सवयच नाही!”

*

डॉमनिकला वेळेवर येणे हा मानभंग वाटतो. परळच्या मल्टिप्लेक्समध्ये आम्ही तिघे आत जाऊन बसलो. तो नेहमीप्रमाणे अंधारात येऊन मागे कुठेतरी टेकला असेल, असे आम्ही गृहीत धरले.

रविवारी पहिली पाळी त्याची.

“हिरो मेहनती हाय, पण तोंडावर एकच एक्स्प्रेशन. दुखलं तरी तेच, लव्ह झालं तरी तेच! गाणी उगाच घुसडली. इंटरव्हलनंतर तर नुस्ती खेचाखेची. आणि ती हिरोईन, बिचारी, तिला करायला कायच ठेवलं नाय!”

आम्ही माना डोलावल्या. दळवी तर “अगदी मनातलं बोललात!” असेही म्हणाले. डॉमनिकला चेव चढला.

“पण लास्टला तो हत्ती परत येतो ना, तवा मी रडलो. खोटं कशाला बोलू!”

“कुठला हत्ती?” सुलभाताईंनी विचारले.

आमच्या चित्रपटात हत्ती नव्हता. डॉमनिक शेजारच्या पडद्यासमोर बसून आला होता!

सुलभाताईंनी विचार केला आणि निकाल दिला, “हत्ती वगळता अभिप्राय मला संपूर्ण मान्य आहे.”

*

स्वतःची फजिती वगळून इतरांचीच सांगणे न्याय्य होणार नाही.

एका चित्रपटातील वृद्धाच्या संवादांवर मी तुटून पडलो होतो. “काय ही कृत्रिम भाषा! चहा मागायलासुद्धा हा मनुष्य तीन उपवाक्ये योजतो. प्रत्यक्षात असे कोणी बोलते काय? लेखकाने जिवंत माणूस कधी ऐकलेला दिसत नाही!”

डॉमनिकने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

“मास्तर, तो रोल रिटायर मराठी टीचरचा होता.”

“आणि आम्हाला वाटलं,” सुलभाताई म्हणाल्या, “तो नट आधी तुम्हाला भेटून गेला असावा!”

*

दळवींचा पुरावा म्हणजे प्रेत.

पडद्यावर कोणी मेले की दळवी खुर्चीत पुढे सरकतात. रडणारे रडोत, यांची दृष्टी मृताच्या पोटावर. “जित्या माणसाचं काम कोण पण करील, सर. मेलेल्याचं करून दाखवा!” हे त्यांचे अभिनयशास्त्र.

एका चित्रपटात म्हातारी आई जाते. मुलगा तिला कवटाळून हंबरडा फोडतो. सगळे प्रेक्षागृह मुसमुसत होते. सुलभाताईसुद्धा कप विसरल्या होत्या. इतक्यात आमच्या रांगेतून आवाज आला, “पोट हलतंय! ते बघा, ते बघा, पदराखाली!”

हुंदके देणारे लोक खदखदून हसू लागले. पुढच्या रांगेतील एक बाई डोळे पुसत मागे वळल्या. “अहो, मेली ना ती म्हातारी! आता तरी सोडा तिला!”

दळवी म्हणाले, “मेली असती तर सोडली असती!”

*

या दळवींची मुलगी मानसी माझी विद्यार्थिनी. तिने विमा कंपनीतली नोकरी सोडून अभिनयाची वाट धरली, तेव्हापासून बापलेकींचे बोलणे ताटात मीठ वाढण्यापुरते उरले होते. तिच्या नाटकाच्या एकाही प्रयोगाला दळवी गेले नाहीत.

मग तिला पहिला चित्रपट मिळाला. ती पेढे घेऊन माझ्याकडे आली, पण चेहऱ्यावर पेढ्यांना साजेसे काही दिसेना.

“भूमिका कोणती?”

“हिरोची बायको.”

“उत्तम!”

“सर, ती पहिल्याच सीनला मेलेली आहे.”

माझा पेढा हातातच राहिला.

“बाकी जग काहीही म्हणू दे,” मानसी म्हणाली, “पण बाबांनी पकडलं ना, तर मी गप जाऊन नोकरी शोधीन. शपथेवर सांगते. आणि नाही पकडलं, तर त्यांनी मला एकदा म्हटलं पाहिजे की हिला येतं.”

तिने सराव सुरू केला. घरात जमिनीवर निश्चल पडायचे, पोटावर पाण्याने भरलेली वाटी ठेवायची, आणि पाणी हलू द्यायचे नाही. असे चालले असताना शेजारच्या परबकाकू कोथिंबीर मागायला आत आल्या. दृश्य पाहून त्यांनी अशी किंकाळी फोडली की चाळीचा सगळा मजला दारात जमला! कोणीतरी धावत खाली दुकानात गेले.

दळवी जिना चढून वर आले, ते तिखटाने माखलेल्या हातांनीच. तोवर मानसी उठून बसली होती आणि परबकाकू तिला शिव्यांची लाखोली वाहत होत्या, “मेल्ये, माझो जीव घेतलो असतंस!”

दळवींनी वाटीतले पाणी मोरीत ओतले, वाटी फळीवर पालथी घातली आणि खाली निघून गेले.

पुढचे मला दळवीवहिनींनी सांगितले, हसत हसत. “त्या दिवशी ह्यांनी काय केलं विचारा! हळद मागितली त्याला मिरची दिली, मिरची मागितली त्याला हळद. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकं भांडायला येत होती!”

*

चित्रपट लागला. तिकिटे दळवींनीच काढली, पडद्याच्या अगदी जवळची. “लांबून नीट दिसत नाय,” एवढेच म्हणाले.

पहिलेच दृश्य. पांढऱ्या चादरीवर मानसी. नायक कोसळतो, मग तिच्या छातीवर फुले ठेवून बाजूला होतो. कॅमेरा हळूहळू तिच्याजवळ जातो आणि तिथेच थांबतो. बराच वेळ थांबतो. डॉमनिकने छातीवर क्रूसाची खूण केली. सुलभाताईंनी माझी बाही घट्ट धरली. मी आयुष्यात प्रथमच चित्रपटातले संवाद न ऐकता कोणाच्या पोटाकडे पाहत होतो.

दळवी खुर्चीच्या कडेवर आले होते. ओरडले मात्र नाहीत. संपल्यावर नियमाप्रमाणे आम्ही एकमेकांशी अवाक्षर न बोलता घरी गेलो.

रविवारी मानसी स्वतः वाडीत आली आणि पायरीखाली उभी राहिली.

“ये गो, वर ये. बस,” डॉमनिक म्हणाला.

“नको अंकल. इथूनच ऐकते.”

“मी पहिल्यांदाच कप सोडून माणसाकडे बघत होते,” सुलभाताईंनी सांगितले. “काहीही हललं नाही.”

“माझी तर फाटली!” डॉमनिक म्हणाला. “एकदम खलास वाटत होतीस तू!”

मीही तेच सांगितले, बहुधा तीन उपवाक्यांत.

दळवींनी कप खाली ठेवला.

“श्वास घेतला.”

मानसीचा चेहरा उतरला. “शक्य नाही, बाबा.”

“घेतला. फुलं ठेवली ना त्यानं, त्याच्यानंतर. हळूच घेतला. मी बघितला.”

“अहो दळवी,” सुलभाताई म्हणाल्या, “आम्ही तिघंही डोळे फाडून—”

“तुमचं लक्ष हिरोवर होतं.”

मानसी पायऱ्या चढून वर आली. चपला पायांत तशाच होत्या. तिला कोणी हटकले नाही.

“बाबा, फुलं ठेवल्यानंतर तो शॉट फ्रीझ केलाय. फोटो आहे तो! नुसता फोटो! एडिटिंगच्या वेळी मी स्वतः तिथे बसले होते. फोटो कसा श्वास घेईल?”

दळवींनी तिच्याकडे पाहिले, अगदी पडद्याकडे पाहतात तसे, पुढे सरकून.

“ता तू माका सांगू नको, गो बाय,” ते म्हणाले. “काल दुकान बंद ठेवून मी परत जाऊन आलो. कालपण घेतलास.”