पाच रोगांची लस

माणसांना गुरांसारखं तपासणारा आणि गुरांशी माणसांसारखं बोलणारा आमच्या घरमालकांसारखा दुसरा गृहस्थ सबंध जुन्नर तालुक्यात झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली. ड्रेसरने जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची आणि साहेब रजेवर असले की सगळंच करायचं. साहेब दर तीन वर्षांनी बदलून जात, हे जागचे हलले नाहीत, त्यामुळे बाजारपेठेत डॉक्टर म्हणून ओळख यांचीच. मी मास्तर म्हणून जुन्नरला बदलून आलो आणि खोल्या बघायला गेलो, तेव्हा भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी माझी खालची पापणी बोटाने ओढली, आत डोकावले आणि म्हणाले, "रगत कमी हाय, पन माणूस मारका न्हाई. या राह्यला." बायकोला काही विचारलं नाही, तिच्या चालण्याकडे पाहून नुसती मान डोलावली. ती पसंती होती हे कळायला तिला दोन महिने लागले आणि कळल्यावर ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट अजून गल्लीत सांगतात. मुलगा मान खाली घालून चहा पीत होता. घरमालक त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पावणं, जरा हसा की." तो बिचारा हसला. यांनी दात बघून घेतले आणि भर बैठकीत जाहीर केलं, "पंचवीस सांगत्यात, पन अठ्ठाविसाच्या खाली न्हाई." लग्न मोडलं. पुढे मुलगा एकतीस वर्षांचा निघाला, तेव्हा घरचे सगळे यांचे पाय धरायला आले. पण आपला अंदाज तीन वर्षांनी चुकला, या दुःखात ते दोन दिवस जेवले नाहीत.

लस म्हटली की मात्र हा माणूस थट्टा विसरे. घाटघरच्या बाजूला लस टोचायला निघाले की बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसत आणि गाडी चहाला थांबली की ड्रायव्हरवर खेकसत, "तुमचा च्या व्हतोय, हितं माझं औषिद शिजतंय!" वर पोचावं तर लोकांनी म्हशी आधीच रानात दडवलेल्या. सुई दिली की म्हैस आटते, ही तिकडची पक्की समजूत. घरमालक वाद घालत नसत. कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहा मागायचे, एक घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. "दूध पानचट लागतंय. म्हस आजारी हाय जनू." हे ऐकून घरची बाई अशी पेटायची की आपली म्हैस कशी धडधाकट आहे हे दाखवायला तीच ती रानातून आणवायची. म्हैस आली की हे तिची तारीफ करत करत सुई टोचून मोकळे.

आमच्या मुलीला पिल्लू मिळालं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी कधीतरी, ती नऊ वर्षांची असताना. शाळेतल्या शिपायाच्या डिंभ्याकडच्या मळ्यातून बिबट्याने कुत्री उचलून नेली आणि मागे एकच पिल्लू राहिलं. ते त्याने पिशवीत घालून आणलं. भुरं, हडकुळं, पोट तेवढं मोठं. पहिल्याच दिवशी ते चहात बुडवलेली खारी बशीसकट खायला निघालं, म्हणून मुलीने त्याचं नाव खारी ठेवलं. त्याला लशी कोणत्या द्यायच्या हा प्रश्न संध्याकाळी घरमालकांच्या ओट्यावर निघाला. कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, "शेवटी बिबट्याच नेणार आहे, मग उगाच टोचता कशाला?" दूधवाल्याचं म्हणणं वेगळं होतं. "सुई दिली की कुत्रं मऊ पडतं राव, भुंकतच न्हाई." घरमालकांनी दोघांनाही गप्प केलं. "रेबीजची द्यायचीच. तीन म्हैनं भरू द्या, मी सोता देनार. बाकी काय नको. ती पाच रोगांची लस गादीवर झोपनाऱ्या पुन्याच्या कुत्र्यांना. गावठी रगताला पार्व्हो-बिर्व्हो व्हत न्हाई." मुलगी पिल्लू मांडीवर घेऊन ऐकत होती. घरमालकांना ती आजोबा म्हणे, आणि आजोबांचा शब्द तिला आमच्या शब्दापेक्षा मोठा. गाईचा ताप कसा बघायचा, म्हशीच्या पोटाला कान लावून आतली गुडगुड कशी ऐकायची, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मोठेपणी ती गुरांची डॉक्टर होणार, हेही त्या दोघांनी आम्हाला न विचारता ठरवून टाकलं होतं.

दोन दिवसांनी घरमालक शाळेत आले. मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि हातात एक चिठ्ठी दिली. दवाखान्यातल्या नव्या साहेबांना विचारून आले होते. एकतीस वर्षांत ज्याने कुठल्या साहेबाला शंका विचारली नाही, त्याला ते किती जड गेलं असेल! "मी चुकलो व्हतो," ते म्हणाले. "गावठ्याला बी व्हतंय. लई पिल्लं गेली म्हंत्यात साहेब. पाच रोगांची द्याच. हितं मिळत न्हाई, पुन्याहून आना. दुकानाचं नाव लिवलंय, रविवारी दुपारपातुर उघडं असतंय. थर्मासात बर्फ घाला, बाकी मी बघतो. पन ओट्यावर बोलू नका, लोक हासत्यात." मी बोललो नाही. गुपित इतकं चोख पाळलं की बायकोलाही सांगितलं नाही. आणि पुण्यालाही गेलो नाही. पहिल्या रविवारी नारायणगावला एका सहकाऱ्याची घरभरणी होती. दुसऱ्या रविवारी टीव्हीवर क्रिकेटची मॅच होती, आणि ती आपण हरलो. दोन्ही सोमवारी घरमालकांनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, "आनली का?" दुसऱ्या खेपेला तर म्हणाले, "मी जाऊ का मास्तर?" मी म्हटलं, "छे, छे, तुमचा गुडघा दुखतोय, मी जातो ना." माझ्यातला भला माणूस नेमका तेव्हाच जागा झाला.

तिसरा रविवार उजाडलाच नाही. गुरुवारी पिल्लाने उलट्या केल्या, शुक्रवारी रक्ताची हगवण सुरू झाली. घरमालकांनी वासावरूनच पार्व्हो ओळखला. पिल्लाला आपल्या पडवीत नेलं, पुढच्या पायात सुई घातली, छत्रीच्या खुंटीला सलाइनची बाटली टांगली आणि गुडघा लांब करून शेजारी बसले ते उठलेच नाहीत. "उठ की गं बये, अजून खारी खायचीय," असं त्याला रागावत होते, विनवत होते. शनिवारी दुपारी पिल्लू गेलं. मुलगी रडली नाही. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा, लस नको असं आजोबाच म्हणाले होते ना?"

एक वाक्य बोलायचं होतं. रोज पाच तास बोलण्याचाच मी पगार घेत होतो. घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "व्हय बाळ. मीच म्हनलो व्हतो. चुकलं माझं."

त्यानंतर ती त्यांच्या ओट्यावर कधी गेली नाही. ते समोरून आले तर रस्ता बदलायची. गल्लीतही व्हायचं ते झालं. ज्यांच्या म्हशी त्यांनी मरणाच्या दारातून परत आणल्या होत्या, ते लोक "डॉक्टरला आता कळत न्हाई" म्हणू लागले. मी मनाची समजूत घालत राहिलो की एका सुईने पिल्लू वाचलंच असतं असं नाही. हे खरंही आहे, साहेबांनीही मला तसंच सांगितलं. पण मुलीने विचारलेला प्रश्न तो नव्हताच. महिन्याभराने धीर करून मी घरमालकांकडे गेलो. ते गुडघ्याला तेल चोळत होते. म्हटलं, "मी तिला खरं काय ते सांगतो." त्यांनी वरही पाहिलं नाही. "काय बी सांगू नका राव. बापावरचा इस्वास उडाला, तर पोरीनं दुसरा बाप कुठनं आनायचा? माझं काय, मी घरमालक. घरमालकाला तसं बी कोन जीव लावतंय?" मी लगेच ऐकलं. इतक्या चटकन मी त्यांचं दुसरं काहीच ऐकलं नव्हतं.

मुलगी पुढे कॉम्प्युटर शिकली आणि पुण्यात नोकरीला लागली. गुरांच्या डॉक्टरकीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. काही वर्षांनी एका थंडीत घरमालक गेले. आईने फारच आग्रह केला म्हणून ती आली, चपला न काढता ओट्याच्या कडेला उभी राहिली. मी रडलो, जरा जास्तच रडलो असेन. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, सावरा. एवढं काय? आपले घरमालकच होते ना?" मी म्हटलं, "हो, घरमालकच होते."

आता त्या घरात दुसरं कुणी राहतं. त्या गल्लीतून जाताना मी अजून पावलं सावकाश टाकतो, आतून कुणीतरी खाकरेल असं वाटत राहतं. तिला तोंडाने सांगणं मला जन्मात जमणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो. लिहून झालं की सगळ्यांत आधी तिलाच वाचायला द्यायचं, असं ठरवलं होतं. वरचं लिहून होऊन आता महिना झाला.