जाईबाईचा टाक

लालबागच्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून कोंडीरामने पस्तीस वर्षं लोकांच्या भांड्यांवर नावं घातली. डाव्या हातात बोटाएवढा टोकदार पोलादी पोगर, उजव्या हातात छोटी हातोडी. ठिपक्याला ठिपका लागत जाई आणि त्याचं अक्षर होई. ‘चि. सौ. कां. नूपुर हिस मामांकडून सप्रेम भेट’ एवढं सगळं तो कळशीच्या गळ्याभोवती एका ओळीत बसवी आणि शेवटच्या अक्षरांची दाटी होऊ देत नसे. त्याचा प्रत्येक ठिपका मापाने घातल्यासारखा सारखा. पुढे दुकानात मशीन आलं आणि कोंडीराम चिंचपोकळीच्या चाळीत घरी बसला.

त्या माघात त्याची आई, जाईबाई, वारली. शेवटची चार वर्षं ती त्याच्याकडेच होती. मूळ घर पाटणच्या बाजूला. देवघर तिथे, थोरल्या भावाकडे, गणपतदादाकडे. त्यांच्या घरात माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाचा टाक देवघरात बसवतात. दोन बोटं रुंद चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली आकृती. सोनार ते एकाच ठशातून काढतो, त्यामुळे आजा, पणजा, चुलता सगळे सारखेच दिसतात. कुठला कोणाचा हे फक्त दादाला माहीत, तेही ओळीतल्या जागेवरून.

कोंडीरामच्या मनात आलं, की आईच्या टाकावर आईचा चेहरा असावा.

त्याने फोनवर दादाला सांगितलं.

“टाकाला कधी त्वांड असतंय का रं, कोंडी?”

“असायला काय हरकत आहे?”

“हरकत न्हाय. पर ती आईच दिसाया पायजे, दुसरीच कोण बाई नको. मी श्राद्धाच्या आधी चार दिवस येतो मुंबैला. जमला तर तुझा. न्हाई तर सोनाराकडनं तयार घिऊन जातो.”

कोंडीरामने आयुष्यात कधी चेहरा कोरला नव्हता. मनालीने, त्याच्या मुलीने, मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. कुणी परदेशी म्हातारा भिंगातून बघत पोलादावर ठिपके देत होता आणि त्यातून हरणाचं डोकं उमटत होतं. भाषा कळत नव्हती. कोंडीराम व्हिडिओ थांबवून नुसता त्या माणसाच्या हाताकडे बघे.

त्याने डब्याच्या जुन्या झाकणावर सुरुवात केली. समोर आईचं मतदान ओळखपत्र. तिचा समोरून घेतलेला फोटो तेवढाच होता. बाकी सगळीकडे तिने कॅमेरा दिसताच पदर ओढला होता. आठ दिवसांनी झाकण त्याने मनालीच्या हातात दिलं.

“बाबा, आजीला देवी आल्यात का?”

“का गं?”

“अहो, बघा ना. तोंडभर व्रण.”

खरंच होतं ते. पस्तीस वर्षांचा हात, तो सारखाच ठिपका देत होता. नाकावर तेवढाच, गालावरही तेवढाच. मग त्याने हातोडी ठेवून दिली. शिवणयंत्राची सुई मोडून, दगडावर टोक काढून, जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीत बसवली आणि नुसत्या हाताच्या दाबाने ठिपके द्यायला लागला. सकाळी नऊपर्यंत गॅलरीत चांगला उजेड असे, तेवढाच वेळ तो बसे. दुसऱ्या झाकणावर डोळे जमले, पण हनुवटी पुरुषाची आली. तिसऱ्यावर त्याला कळलं, की गाल कोरायचा नसतो, तो तसाच सोडून द्यायचा असतो. हे कळायला त्याला तीन महिने लागले. या गोष्टीची त्याला लाजच वाटली आणि त्याने ती कुणाला सांगितली नाही.

मग चांदीचा पत्रा आणला. दोन दिवसांत तो पापडासारखा फुगून वर आला. खाली पक्का आधार नव्हता. गिरगावातल्या एका सोनाराने त्याला फळीवर राळ वितळवून त्यात पत्रा बसवायला सांगितलं. “एवढं ठाऊक नाही आणि चांदीला हात लावला?” असंही तो म्हणाला.

दिवाळीच्या तोंडावर एक पत्रा साधला. ठिपक्यांत काजळ भरून वरचं पुसलं आणि ओळखपत्रावरचा चेहरा पत्र्यावर आला. कोंडीरामने तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि दूध आणायला खाली उतरला. परत येतो तो त्याची बायको ललिता मोरीत तांब्याची भांडी घासत बसलेली, आणि पत्रा तिच्या हातात. चिंच आणि काथ्या.

“अगं, काय केलंस!”

“काळा पडला होता म्हणून...” तिने पत्रा पाण्याखाली धरला. चांदी लख्ख निघाली होती. चेहरा नव्हता. तिरका धरला तर कपाळाची कड तेवढी दिसे.

कोंडीराम पाटावर बसला. ललिता पदराला हात पुसत बाहेर आली.

“माझं चुकलं. पण एक सांगू? गावी टाक दर दसऱ्याला असेच घासतात. वहिनी तर राखेने घासतात. तेव्हा काय करणार होता?”

बारीक ठिपका घासून जाणार, खोल दिला तर देवी आल्यासारखा दिसणार. पंधरा दिवस त्याने सुईला हात लावला नाही. मग पुन्हा बसला. ठिपके थोडे कमी, थोडे दाबून. पौषात चेहरा उभा राहिला. त्याने ललिताला बोलावलं. तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

“चांगलाय. पण आत्या नाहीत या.” सासूला ती आत्या म्हणायची.

“हुबेहूब फोटोसारखा आहे.”

“फोटोसारखा आहे. गोंदण कुठाय?”

आईच्या भुवयांच्या मधे एक आणि हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. ओळखपत्रावर ते आलेच नव्हते. वर्षभर त्याने फोटोतला ठिपका न् ठिपका उतरवला आणि आईच्या चेहऱ्यावरचे चार विसरला. ललिता चार वर्षं तिची वेणी घालत होती, तिला विचारावं हेही सुचलं नाही.

पेटीतून त्याने जुना पोगर आणि हातोडी काढली. कळशीवर द्यायचा तसेच चार घाव घातले. हात जराही अडला नाही.

ठरल्याप्रमाणे दादा आला. चहा पिऊन झाला तसा म्हणाला, “आण बघू.” टाक हातात घेतला, पण बघितला नाही. सरळ मोरीवर गेला. “ललिता, जरा चिंच दे गं.”

“दादा, अरे!” कोंडीराम उठला.

“आमच्यात ऱ्हायचं तर घासून घ्यायला लागंल, बाबा.” त्याने अंगठ्याने रगडरगडून टाक घासला, धुतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि गॅलरीत नेला.

काजळ गेलं होतं. डोळे फिके झाले होते, नाकाची एकच बाजू उरली होती. भुवयांमधला आणि हनुवटीवरचे तीन ठिपके मात्र होते तसे होते.

दादाने अंगठ्याचं नख हनुवटीवरून फिरवलं.

“हाय की रं,” तो म्हणाला. “आईच हाय.”

मग नाक ओढून त्याने टाक रुमालात गुंडाळला, बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि विचारलं, “डोळं जरा फिकं पडल्याती. त्ये परत भरता येतील का?”

“दर वर्षी भरावे लागतील,” कोंडीराम म्हणाला. “दसरा झाला की पाठवून देत जा.”

“पाठवतो कशाला, मीच घिऊन येतो,” दादा म्हणाला, आणि ललिताकडे वळून त्याने आणखी अर्धा कप चहा मागितला.